गळ्यातला ओव्हरटाइम

डिसेंबरात पंखा लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कॅन्टीनच्या कोपऱ्यात भिंतीवर एक जुना पंखा होता, मान हलवणारा. थंडीत सगळे मफलर गुंडाळून त्या कोपऱ्यापासून लांब बसायचे, आणि मामा नेमका पंख्याखाली, बनियनवर, भाकरी मोडत बसलेला असायचा. कोणी म्हणालं, अहो बंद करा, आमटी गार होतेय, तर तो मान वर न करता म्हणायचा, "आमटी उचला की. पंखा कुठे उचलायला सांगता."

त्याचं नाव लिहीत नाही. सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा, तेवढं पुरे. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकलो ते कारखान्याच्या नोटीस बोर्डावर. नात म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मी म्हटलं, माणूस माझा आहे, मी माझ्या हाताने लिहीन.

कारखाना हडपसरला. मी इथलाच, आमच्या वडिलांचं रान कारखान्याच्या कुंपणाला लागून होतं. मामा विश्रांतवाडीहून सायकलवर यायचा, मुंढव्याच्या पुलावरून, उन्हाळा असो की पाऊस. मी लेथवर, तो शेजारी ग्राइंडिंगच्या मशीनवर. लेथवर आम्ही लोखंड सोलून काढतो. ग्राइंडिंगवाला त्यावर शेवटचा हात फिरवून केसापेक्षा बारीक मापात बसवतो. तिथे हात हलला की सगळ्यांची मेहनत भंगारात. मामाचा हात हलत नसे. मशीन परदेशी, आमच्यापेक्षा वयाने मोठी, आणि तिला त्याच्याशिवाय कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. दुसऱ्या पाळीचा माणूस यायचा त्यालाही तो पाव्हण्यासारखा वागवायचा. मला पाटील म्हणायचा. आम्ही काही पाटील नव्हे, पण माझी ऐट पाहून त्याने ते ठेवलं होतं. रान विकलं गेलं त्या साली म्हणाला, "जमीन गेली, पाटीलकी तेवढी जपा." दुसरा कोणी बोलला असता तर मी कॉलर धरली असती.

तर खाणं. त्याचा डबा तीन मजली, आणि तो संपला की दुसऱ्यांच्या डब्यात नजर. माझ्या घरचं पिठलं तो हक्काने ओढून घ्यायचा. इतकं खाऊन अंगावर मांस नाही. पँट पट्ट्यात गोळा करून घातलेली. कॅन्टीनमध्ये त्यावर पैजा लागायच्या. कोणी म्हणे जंत झालेत. कोणी म्हणे दोन घरं चालवतो. आमच्या मंडळींनी एकदा त्याला जेवताना पाहिलं आणि मला आत बोलावून म्हणाल्या, "ह्या माणसाला कुणाची तरी नजर हाय. मीठमोहऱ्या उतरून टाका." त्याने उतरवून घेतल्या सुद्धा, वर विचारलं, "वहिनी, ह्याच्यावर एखादी पोळी मिळेल का?"

पुणे स्टेशनवर तेव्हा वजनाची मशीन असायची. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मामा महिन्याला एक तिकीट आणायचा आणि मला दाखवायचा. वजन दर वेळी खाली आणि भविष्य दर वेळी वर. "बघा पाटील, माणूस जसजसा कमी होतो तसतशी त्याची प्रगती होते."

हसायचो आम्ही. मग एक दिवस मला त्याच्या मायक्रोमीटरचा आवाज ऐकू आला. माप घेताना ते जॉबवर, म्हणजे घासायला घेतलेल्या तुकड्यावर, बारीक टकटक करत होतं. इतकी वर्षं शेजारी उभा होतो, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी बघितलं, त्याने बघितलं मी बघतोय ते, आणि पाठ केली. पुढे डोळेही मोठे दिसायला लागले, खोबणीतून पुढे आल्यासारखे. साध्या गोष्टीवर भडकायचा. भडकला की जाऊन साबणाने हात धुवायचा, ही त्याचीच युक्ती. काही दिवस तर तो मशीनपेक्षा नळावर जास्त दिसे.

दिवस वाईट होते. बाहेर खुलं धोरण आलेलं, बाहेरचा माल येणार, कारखान्याला माणसं जास्त झालीत, अशी बोलणी रोज. स्वेच्छानिवृत्तीची यादी होतेय आणि जे मेडिकलमध्ये अनफिट त्यांची नावं पहिली, हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मामा कंपनीच्या डॉक्टरकडे गेला नाही. रजा टाकून सरकारी दवाखान्यात गेला. दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर मला गाठून त्याने एकट्याला सांगितलं. गळ्यात थायरॉईड नावाची गाठ असते, ती सगळ्यांनाच असते. त्याची गरजेपेक्षा जास्त काम करतेय. म्हणून गरम होतं, म्हणून खाल्लेलं जळून जातं, काळीज पळतं, हात कापतो.

"म्हणजे गाठ ओव्हरटाइम करतेय," तो म्हणाला, "आणि पगार माझ्या अंगातून कापतेय."

"बरं होतं का?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या होतं. गोळ्या घ्यायच्या, न चुकता. काही महिने लागतील. हात थांबेल म्हणाल्या." मग सायकलचं कुलूप लावत खाली बघून म्हणाला, "तेवढे महिने मशीनवर काढले पाहिजेत. मशीनवरून काढलं तर मी बरा होऊन काय करू?"

आता चहाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे चहाची गाडी मशीनपर्यंत यायची. ज्याचा त्याचा स्टीलचा ग्लास मशीनच्या डोक्यावर ठेवलेला, गाडीवाला चालता चालता भरत जायचा. आणि कामगार नाराज असला, मॅनेजमेंटशी वाकडं आलं, की पहिली पायरी ग्लास पालथा. काळी फीत त्याच्यानंतर, संप फार लांब. पालथा ग्लास म्हणजे तुमचा चहा आम्हाला नको. आणि शेजाऱ्याने ग्लास पालथा घातला की कारण विचारायचं नाही, आपलाही घालायचा. ही रीत आम्ही कोणाकडून शिकलो ते कोणालाच सांगता येणार नाही, पण साहेबांनाही ती पक्की ठाऊक होती.

सायकल स्टँडवरचं बोलणं झालं त्याच दिवशी गाडी आली आणि मामाने आपला ग्लास पालथा घातला. मी पाहिलं आणि माझा घातला. माझ्या पलीकडच्याने घातला. यादीच्या धास्तीने लोक आधीच पेटायला टेकलेले. गाडीवाला भरलेली किटली घेऊन सगळ्या रांगेतून तसाच पुढे गेला, आणि ती बातमी त्याच्या आधीच दुसऱ्या शॉपमध्ये, म्हणजे पलीकडच्या खात्यात, पोचली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन शॉपमध्ये एकही ग्लास सुलटा नव्हता. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं.

माझं डोकं चहाशिवाय ठणकत होतं. कॅन्टीनमध्ये मी त्याच्या पंख्याखाली जाऊन बसलो आणि म्हटलं, मामा, आधी सांगायचं तरी, युनियनच्या कमिटीत बोललो असतो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"पाटील," तो हळूच म्हणाला, "मला डॉक्टरबाईंनी चहा बंद केलाय हो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सरळ हिशेब होता. खरं सांगितलं तर तीन शॉपची अब्रू जाणार आणि दुखण्याचं नाव फाइलला लागणार. नाही सांगितलं तर चिथावणी देणारा म्हणून हा बाहेर. मी म्हटलं, आता ग्लास सरळ करायचा नाय. तो म्हणाला, करायचा कसा, मला चहा बंदच आहे.

साहेबांनी बोलावलं. सोबत एक जोडीदार घेऊन जायची मुभा होती, तसा मी गेलो. साहेब कोथरूडचे, आवाज कधी चढवायचे नाहीत, सगळ्यांना आपण म्हणायचे. बसायला सांगितलं. आम्ही उभेच राहिलो.

"आपण चहा का घेत नाही?"

"नको आहे."

"चहा वाईट आहे का?"

"वाईटच आहे. पण त्यामुळे नाही."

"मग कशामुळे?"

"साहेब, घ्यायला कारण लागत नव्हतं. न घ्यायला लागतं?"

साहेबांनी चष्मा काढला. "आणि बाकीच्या तीन शॉपनी?"

"ते त्यांना विचारा. मी माझा ग्लास ठेवला."

यात एक शब्द खोटा नव्हता. पण बोलताना त्याने टेबलाची कड धरली होती, आणि टेबलावरची पेन्सिल बारीक हलायला लागली. साहेब त्या पेन्सिलीकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो.

"आपला हात का कापतोय?" साहेबांनी विचारलं.

"राग आलाय साहेब," मामा म्हणाला. "आवरून धरलाय."

ते पुढे आलेले डोळे, ती गळ्याची हललेली घाटी, तो हात. साहेबांनी खुर्ची जराशी मागे घेतली. त्या आठवड्यात युनियनला बोलणीला बोलावलं आणि मेडिकलची यादी मागे पडली. गेट मीटिंगला मामाला हार घातला. त्याने तो मान खाली घालून घेतला, घरी जाऊन बायकोला दिला. लोकांचे ग्लास सुलटे झाले, चहाची गाडी पुन्हा फिरू लागली, फक्त मामाचा ग्लास पालथा तो पालथाच. लोक म्हणायचे, याला म्हणतात निष्ठा. नवीन पोरांना दुरून दाखवायचे.

साहेबांनी मात्र त्याला सोडलं नाही. वातावरण निवळेपर्यंत म्हणून मशीनवरून उचलून टूल स्टोअरमध्ये बसवला. जाळीच्या आत स्टूल, समोर खिडकी, कोणी आलं की ड्रिल काढून द्यायचं, परत आलं की ठेवायचं. एकच पाळी, दिवसाची. त्याच्या मशीनवर दुसरा माणूस आला.

बरं व्हायला यापेक्षा चांगली जागा नव्हती, आणि याच्याइतका रागही त्याला दुसऱ्या कशाचा नव्हता. पण त्याने ठरवलं की गाठीला हरवायचं आणि जाळीतून बाहेर यायचं. मेडिकलची यादी गेली तशी दुखणं लपवायची गरजही गेली, चहाचं कारण तेवढं आमच्या दोघांत राहिलं. मग त्याचे नियम सुरू झाले. गोळी कारखान्याच्या भोंग्यावर. भोंगा वाजला की बोलता बोलता तोंडात गोळी, समोर कोणी का असेना. तंबाखूची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, ही डोळ्यांना बाधते म्हणे, तुमचे डोळे तसेही काही बघत नाहीत. हाडं ठिसूळ होतात म्हणून नाचणीची भाकरी, दूध, दही, अंडं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या. डोकं उंच राहिलं की सकाळी डोळे सुजत नाहीत. बायको पहिल्या रात्री घसरत पायथ्याला गेली, तर म्हणे उतारावर राहायची सवय करा. बाहेर काळा चष्मा. बघणाऱ्याला वाटायचं सिनेमातला कोणी जाळीत बसवलाय.

सल्ले देणारे खूप. थायरॉईड म्हटलं की पुण्यात प्रत्येकाच्या घरी एक मावशी निघते. कोणी आयोडीनच्या गोळ्या आणल्या, कोणी समुद्रातल्या शेवाळाची पूड. त्याने दवाखान्यात विचारून घेतलं होतं. साधं मीठ जेवणापुरतं चालेल, ह्या गोळ्या नि पुडी अजिबात नकोत, त्याने गाठ आणखी चेकाळेल. आणणाऱ्याला तो नीट सांगायचा, "तुमच्या मावशीची गाठ झोपलीय. माझी जागी आहे. झोपलेल्याला उठवायचं औषध जाग्याला पाजताय."

एकदा घसा दुखायला लागला, अंगात कणकण. साधं दुखणं. मी म्हटलं हळद-दूध घ्या. त्याने स्टोअरला कुलूप लावलं, किल्ली फोरमनच्या टेबलावर ठेवली आणि तडक दवाखाना गाठला. ह्या गोळ्यांवर असताना घसा दुखून ताप आला तर थांबायचं नाही, आधी रक्त तपासायचं, असं बाईंनी बजावलं होतं. रक्त ठीक निघालं. फोरमनने मेमो दिला. तो त्याने वाचला आणि म्हणाला, अक्षर चांगलं आहे.

माझ्या मुलीच्या लग्नात तर त्याने माझी लाज काढली. मुहूर्त टळत चाललेला, नवरदेव घोड्यावरून उतरेना. मामाची जेवायची वेळ झाली. त्याने मांडवातच, पहिल्या रांगेत, पिशवीतून डबा काढला आणि नाचणीची भाकरी मोडायला सुरुवात केली. व्याही माझ्याकडे बघायला लागले. मी जाऊन म्हटलं, मामा, अक्षता पडू द्या. तो म्हणाला, "पडू द्या की. लग्न तुमच्या मुहूर्तावर, जेवण माझ्या." वाजंत्री सुरू झाली तेव्हा त्याने हात धुवून अक्षता टाकल्या, सगळ्यांत जोरात. आता मुलगी माहेरी आली की तीच आठवण काढते. म्हणते, माझ्या लग्नात भरल्या पोटी आशीर्वाद देणारे एकटे मामाच होते.

अंग भरलं त्याचं. पट्टा पुढच्या भोकात आला. डोळे पूर्ण मागे गेले नाहीत, पण शांत झाले. आणि एका सकाळी त्याने जाळीच्या खिडकीतून हात बाहेर काढला, बोटं पसरली आणि म्हणाला, बघा. मी बघितलं. भिंतीवरच्या खुंटीसारखा स्थिर. माझ्या मागे ड्रिल घ्यायला आलेला खोळंबून राहिला होता.

तो अर्ज घेऊन साहेबांकडे गेला. मशीन परत द्या. साहेब म्हणाले, आता काही हरकत नाही, पण ग्राइंडिंगचं काम आपण बाहेर द्यायचं ठरवलंय, मशीन विकली. गेल्या सुट्टीच्या दिवशी क्रेन लावून नेली.

मामा परत आला, नळावर गेला आणि साबणाने हात धुवायला लागला. किती वेळ धूत होता.

कोणाला विकली ते मी काढून आणलं. फुरसुंगीच्या बाजूला एक पत्र्याची शेड, आमचंच काम घेणारी. पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं बसने गेलो. मालक ओळखीचा निघाला, पूर्वी माल न्यायला यायचा. मशीन दारातच होती. मामाने काळा चष्मा काढून खिशात ठेवला. मालकाने त्याला ओळखलं, म्हणाला, मामा, बघता का चालवून? तिच्यावरचा माणूस, तिशीतला असेल, बाजूला झाला. मामाने जॉब बांधला, चाक पुढे घेतलं, ठिणग्या उडाल्या. माप घेताना मी कान दिला. मायक्रोमीटर गप्प होतं. मालकाने जॉब फिरवून पाहिला आणि तिथल्या तिथे म्हणाला, या की आमच्याकडे. उद्यापासून या. मशीन तुमची.

मला वाटलं, झालं. याच्यासाठीच एवढं सगळं केलं माणसाने.

"पाळी कशी असते?" मामाने विचारलं.

"बारा तास. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र."

"जेवण?"

"जमेल तेव्हा. काम लागलं की काय, तुम्हाला माहीतच आहे."

मामाने मान हलवली. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, गाठ शांत झालीय, गेलेली नाही. झोप मोडली, जेवण मोडलं, जिवाला ताण झाला की ती पुन्हा डोकं काढू शकते, आणि मग हा हात पुन्हा गेला. तो मशीनकडे बघत उभा राहिला. मी एवढी घाई कधी केली नव्हती, पण मी मध्ये बोललो, मामा, हो म्हणा, पुढचं पुढे बघू. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मालकाला म्हणाला, "नाही जमायचं. तब्येतीचं आहे." साहेबांपुढे त्या शब्दाला त्याने कधी तोंडातून बाहेर येऊ दिलं नव्हतं. एका परक्या शेडमध्ये तो सहज बोलून गेला.

मग त्याने कोपऱ्यातला वेस्टचा, सुती धाग्यांचा बोळा घेतला आणि मशीन पुसायला लागला. बेड, हँडल, गार्ड, सगळं. आमच्याकडे पाळी बदलताना जाणाऱ्याने मशीन पुसायची, येणाऱ्याला तिची हालत सांगायची आणि मगच घरी जायचं. कारखान्यात त्याला हिच्यावरून उठवलं होतं ते पाळीच्या मध्येच, जॉब पकडीत तसाच असताना, त्यामुळे ते राहून गेलं होतं. त्या तिशीतल्या माणसाला त्याने जवळ बोलावलं. म्हणाला, थंडीत हिला सकाळी थोडा वेळ नुसती फिरू द्या, मग माप घ्या, आधी घेतलेलं खोटं येतं. उजवीकडचं हँडल जरा ढिलं आहे, ते आवळू नका, ती तशीच चालते. आवाज बदलला तर बंद करा आणि हात लावून बघा, कुठे गरम लागते ते. तो माणूस हो हो म्हणत होता. मामा बोळा त्याच्या हातात देऊन म्हणाला, "मी निघतो. संभाळा." आणि बाहेर पडला.

स्वेच्छानिवृत्तीच्या पुढच्या यादीत त्याने स्वतःहून नाव दिलं. वर्षभराने मीही सुटलो. कारखाना गेला, तिथे आता काचेची इमारत आहे, गळ्यात पट्टे घातलेली मुलं रात्री बेरात्री आत-बाहेर करतात, हातात कागदी कपातली कॉफी. एखाद्याचे डोळे जरा मोठे दिसले की मला थांबवून विचारावंसं वाटतं, बाळ, गरम होतं का तुला? विचारत नाही. म्हातारा वेडा आहे म्हणतील.

मामा त्यानंतर बरीच वर्षं जगला. आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो, कधी तो इकडे, कधी मी विश्रांतवाडीला. रक्त नेमाने तपासायचा, जेवण वेळेवर, झोप वेळेवर. गाठीने गेला नाही तो. ती शेवटपर्यंत मापात होती. दुपारचा झोपला तो उठला नाही. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी गावी होतो, येईपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्याच्या आदल्या महिन्यात भेटलो होतो तेव्हा काय बोललो ते मी पुष्कळदा आठवून बघतो. बसचा मार्ग बदलला त्याबद्दल बोललो. नाचणी महागली त्याबद्दल. एवढंच. त्या शेडमधल्या माणसाला त्याने सगळं सांगितलं, काय ढिलं आहे, काय आवळायचं नाही, आवाज बदलला तर काय करायचं. मी त्याच्या शेजारी इतकी वर्षं उभा होतो. माझी पाळी अजून चालूच आहे, आणि मला तो काहीच सांगून गेला नाही.